तारेच्या खांबावरील काच आणि तिची लघुरूपे

नाशिक रोडसारख्या रेल्वेस्थानकाच्या परिसरात वाढलेल्या मागील पिढ्यांस तारेच्या खांबांवरील पांढऱ्या वाट्या परिचित होत्या. त्या तेथे कशासाठी असत, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नसेल. तारेतील प्रवाह खांबावाटे जमिनीत उतरू नये म्हणून तार व खांब यांच्यामध्ये काच किंवा चिनी माती यांची योजना करावी लागते. यासच विद्युत् निरोधक म्हणतात. खरी अडचण असते ती पावसाची, कारण ओला पृष्ठभागच प्रवाहास वाट करून देतो. लॅटिमर क्लार्क याने १८५६ मध्ये वाटीच्या आत दुसरी वाटी बसविली ती यासाठीच. बाहेरची भिजली तरी आतली कोरडी राहते आणि प्रवाहाची चोरवाट लांबते. इगतपुरीच्या घाटातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

भारतात प्राधान्य मिळाले ते चिनी मातीस, अमेरिकेत काचेस. लुई कॉव्हे याने १८६५ मध्ये निरोधकाच्या आत आटे पाडण्याचे एकस्व मिळविले आणि काच लाकडी खुंटीवर घट्ट बसू लागली. हेमिंग्रेसारख्या कारखान्यांच्या या वस्तू निकामी झाल्यावर संग्राहकांच्या हाती आल्या. त्यांची राष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली.

एन. आर. वुडवर्ड यांनी सिद्ध केलेले वर्गीकरण भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. त्यात क्रमांक ठरतो तो बाह्याकृतीवरून. रंग व ठसा यांचा विचार होत नाही. आकृती जणू स्वनिम, रंग केवळ स्वनांतर! बाजारात मात्र नेमके उलटे घडते. तेथे मोल रंगाचे. मँगनीजयुक्त बिनरंगी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. किरणोत्साराच्या माऱ्याने तीच अल्पावधीत गडद जांभळी करता येते. असा नमुना जुना म्हणून विकणे ही सरळ लबाडी होय. संग्राहकांनी स्वतःसाठी घडविलेली चिमुकली स्मारकरूपे या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजेत. ती खांबावर कधी चढलीच नाहीत, आणि त्यांवर उठविलेले वर्ष ते लपवीतही नाही.

नाशिक रोडनेही असे एक लघुरूप निर्माण केले आहे, ते कागदावर. येथील सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटे छापली जात आहेत. भारतीय तारेच्या शताब्दीनिमित्त १९५३ मध्ये निघालेल्या तिकिटांवर १८५१ व १९५१ या वर्षांचे तारेचे खांब दाखविले आहेत. पुढे जुलै २०१३ मध्ये सार्वजनिक तारसेवाच बंद झाली. भंगारात आलेल्या वाटीवर ठसा असल्यास तिचा निर्माता कळू शकतो. परंतु ती कोणत्या मार्गावरील, कोणत्या खांबावरील, हे उतरविणाऱ्याने त्याच वेळी टिपून ठेवले नसेल, तर पुढे कोणत्याही परीक्षणाने कळत नाही.