शालेय नाटुकले आणि रंगभूमीचे शब्द

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या रात्री सुरू होतात. येथील पुष्कळ मुलांनी शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच आईच्या मांडीवर बसून नाटक पाहिलेले असते. शालेय नाटुकले बसविताना शिक्षकाने त्यांना अनुभव द्यावयाचा नसून त्या अनुभवाला नावे तेवढी द्यावयाची असतात.

तालमीतील पहिला घोटाळा उजव्या-डाव्या बाजूंचा. समोर उभा असलेला शिक्षक 'उजवीकडून ये' म्हणतो आणि मूल बावरते. रंगमंचाच्या बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाच्या मानाव्यात, असा संकेत आहे. मंचाच्या दोन्ही अंगांचा आडोसा म्हणजे विंग. विंगेतील मुलाला प्रेक्षक दिसत असतील, तर प्रेक्षकांनाही ते मूल दिसत आहे, असे खुशाल समजावे.

नट, पात्र आणि भूमिका हे तीन शब्द मात्र सावकाश समजावून द्यावेत. नट म्हणजे अभिनय करणारा माणूस; पात्र म्हणजे लेखकाने कल्पिलेली व्यक्ती; त्या पात्राचे जे काम नटाकडे येते ती त्याची भूमिका. दंडारीत ओळखीचा गावकरी लुगडे नेसून उभा राहतो, तेव्हा नट पुरुष आणि पात्र स्त्री असते, एवढे सांगितले तरी भेद मुलांच्या ध्यानी येतो. हा भेद केवळ व्याख्येपुरता नाही. दुष्ट सावकार झालेल्या मुलाला सोबती पुढे महिनाभर 'सावकार' म्हणून चिडवितात आणि पुढील वर्षी ते मूल नाटकात उतरत नाही. पात्राचा दोष नटाला चिकटवावयाचा नाही, हे वर्गात आधीच बोलून घ्यावे.

'प्रवेश' हा शब्द दुहेरी आहे: पात्राचे मंचावर येणे, तसाच अंकाचा एक भाग. 'नेपथ्य' याचा अर्थ तर पालटला आहे. संस्कृत नाटकांत पडद्यामागील जागा व वेषभूषा या दोहोंना तो शब्द लावीत. आज मराठीत त्याचा अर्थ मंचावरील देखाव्याची मांडणी असा रूढ आहे. खडी गंमत उभ्याउभ्याच रंगते, तेव्हा नेपथ्यावाचून शाळेचे अडू नये. स्वगत म्हणजे पात्राचे मनातील बोलणे. ते प्रेक्षकांना ऐकू येते, मंचावरील इतर पात्रांना येत नाही, असे मानावयाचे.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक वाणीचा, आहार्य वेषभूषेचा व सात्त्विक अंतःकरणातील भावाचा. शाळांतून बहुधा वाचिकावरच भर असतो, आणि तोही पाठांतरापुरता. संवाद पाठ झाल्यावर एकदा तोच प्रवेश मुक्याने करावयास सांगावा. मुलाला प्रसंग कळला आहे की केवळ शब्द, ते तत्काळ दिसते. वाचिकासाठी एका विद्यार्थ्याला पटांगणाच्या टोकाशी बसवावे आणि शब्द ऐकू न आल्यास हात वर करावयास सांगावे.