राहू, चित्रा आणि पृथ्वीचा अक्ष

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसा नदीपाशी सापगाव येतं. अक्षांश साधारण साडेएकोणीस. स्टेलॅरियम या फुकट मिळणाऱ्या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ठिकाण भरायचं आणि चित्रा ताऱ्यावर टिचकी मारायची. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उमटतात. त्यांत चित्रेची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, दोनदा येतं: एका ओळीत उणे ११ अंश १० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), दुसऱ्या ओळीत जवळपास उणे ११ अंश १८ कला. नवख्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय.

बिघडलेलं काही नाही. पहिली ओळ १ जानेवारी २००० च्या विषुववृत्तावरून मोजलेली आहे, दुसरी आजच्या. एवढ्या काळात तारा जवळपास जागेवरच आहे. दिशा बदलली ती पृथ्वीच्या अक्षाने, आणि त्याच्याबरोबर विषुववृत्ताने. पृथ्वी मध्याशी फुगीर आहे. त्या फुगवट्याला चंद्र आणि सूर्य ओढतात, म्हणून अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत आकाशात एक फेरी मारतो. विषुववृत्त आणि सूर्याचा वार्षिक मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, जिथे छेदतात तो संपातबिंदू त्यामुळे वर्षाला ५०.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) मागे सरकतो. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. इ.स. २१०० च्या सुमारास तो सर्वांत जवळ येईल आणि मग लांब जाऊ लागेल.

हा हिशेब मराठी मुलखाला नवा नाही. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यातला अयनांशाचा, म्हणजे राशीचक्राच्या शून्यापासून संपातबिंदू किती सरकला त्याचा, नियम असा: शक घ्या, ४४४ वजा करा, ६० ने भागा, अंश मिळाले. शक १९४७ साठी उत्तर येतं २५ अंश ३ कला. ना ज्या, ना कोज्या. बोटांवर करता येईल असं गणित, आणि पुढे तीनशेहून अधिक वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं याच ग्रंथावर चालली. दोष एकच, पण साचत जाणारा: नियमात वर्षाची गती ६० विकला धरली आहे. जवळपास दहा विकला जास्त. पाचशे वर्षांत ही चूक सव्वा अंशापलीकडे जाते. मला तरी हा ग्रंथ जुनाट वाटत नाही. कमी श्रमात पुरेसं बरोबर उत्तर, हे आजच्या प्रोग्रामरचंही ध्येय असतं.

स्टेलॅरियमसारखं सॉफ्टवेअर तेच काम थरांनी करतं. आधी घड्याळाची वेळ एकसमान कालमानात बदलायची. सध्या फरक ६९ सेकंदांच्या आसपास. मग २००० पासून किती शतकं झाली ते काढायचं आणि संपातचलनाच्या सूत्रात घालायचं. येणारे कोन वापरून आकाश एकामागून एक फिरवायचं. क्रम चुकला तर उत्तर चुकलं.

त्यानंतर अक्षांदोलन. अक्ष ती मोठी फेरी सरळ मारत नाही, वाटेत डुलतो. इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीने हे १७४८ मध्ये जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या पूर्ण कोष्टकात या डुलण्याच्या १,३६५ ओळी आहेत, आणि पहिल्या ओळीत बसलाय आपला राहू. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते तो पात, म्हणजे राहू, १८.६ वर्षांत फेरी पुरी करतो. त्या कोनाची ज्या घेऊन १७.२ विकलांनी गुणलं की डुलण्याचा सर्वांत मोठा हिस्सा हाती येतो. दुसरी मोठी ओळ जेमतेम १.३ विकलांची. पत्रिकेत राहूचा दरारा कितीही असो, अक्षावर त्याचं वजन खरंच आहे. घरच्या दुर्बिणीला १,३६५ ओळींची गरज नसते. ७७ ओळींची संक्षिप्त आवृत्ती विकलेच्या हजाराव्या भागाइतकीच चुकते.

फार मागे जायचं तर नेहमीची सूत्रं साथ सोडतात. त्यांत काळाचे वर्ग, घन असतात, आणि हजारो वर्षांच्या अंतरावर ती पदं भलतीच फुगतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वसंतसंपात मृगशीर्षात असण्याचा काळ धरून वेदांचं वय मांडलं. इसवी सनापूर्वी ४५०० चं ते आकाश पाहायचं तर सूत्र दीर्घ पल्ल्याचं हवं. २०११ मध्ये वोंड्राक, कापितेन आणि वॉलेस यांनी दोन्ही बाजूंना दोन लाख वर्षं चालेल असं सूत्र दिलं. स्टेलॅरियम तेच वापरतं.

एक थर मात्र कुठल्याच सूत्रात मावत नाही. पृथ्वीचं कवचही अक्षाच्या तुलनेत किंचित हलतं, सुमारे ०.३ विकला. जमिनीवर हे अंतर दहाएक मीटर, म्हणजे सापगावातल्या एखाद्या अंगणाएवढं. सूत्राने याचा अंदाज थोड्याच काळापुरता जमतो. दूरच्या क्वेसारांकडे रेडिओ दुर्बिणी रोखून ते मोजावं लागतं आणि आकडे नियमित प्रसिद्ध होतात.

इतकं सगळं करून पंचांगाचा तंटा मिटत नाही, कारण तो अक्षाचा नाहीच. अक्ष कुठे आहे यावर कुणाचं दुमत नाही. राशीचक्राचा शून्य कुठे धरायचा यावर आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ मध्ये नव्या गणिताचं पंचांग सुरू केलं आणि शून्य रेवतीच्या ताऱ्याशी ठेवला. त्यांचे शिष्य टिळक त्याच बाजूचे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेचा पक्ष घेतला, म्हणजे शून्य चित्रेच्या बरोबर समोर धरला. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते. समितीने २१ मार्च १९५६ साठी अयनांश २३ अंश १५ कला ठरवला; तो चित्रेच्या बाजूने गेला. आज तो २४ अंश १३ कलांच्या घरात आहे.

रेवतीचा अयनांश याहून जवळपास चार अंश कमी. म्हणजे सूर्य राशीत चारेक दिवस आधी शिरतो, आणि संक्रांत अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे पडली की अधिक महिनाच बदलतो. रेवतीचा शून्य मानणारं टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत म्हणूनच काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात.