साक्षीदार पडद्यावर, उलटतपासणी वर्गात

लंडन : इंग्लंडमधल्या शाळांत माहितीपट दाखवणे ही जुनी, रुळलेली प्रथा आहे. बीबीसीचे शाळांसाठीचे रेडिओ कार्यक्रम १९२४ साली सुरू झाले आणि दूरचित्रवाणीवरचे १९५७ साली. १९८८च्या कॉपीराइट कायद्याने वर्गात शिकवण्यासाठी चित्रपट दाखवायला मुभा दिली आणि प्रसारित झालेले कार्यक्रम शाळांनी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्याची वाटही मोकळी केली. त्यातच इथे महाराष्ट्रातल्यासारखे सर्वांसाठी एकच सरकारी पाठ्यपुस्तक नसते. अभ्यासक्रमाची रूपरेषा सरकार ठरवते, परीक्षा मंडळे अनेक असतात आणि कोणते पुस्तक किंवा कोणता चित्रपट वापरायचा हे शाळा आणि शिक्षक ठरवतात. या मोकळीकीबरोबर एक प्रश्नही येतो. चाळीस मिनिटांचा तास पडद्याच्या हवाली केला, तर त्या तासात शिकवले कोणी? या देशात या प्रश्नावर कोर्टात खटला चालला आणि निकालही लागला. तो निकाल आणि इथल्या माहितीपटांचा शंभर वर्षांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, की एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. माहितीपट वर्गात यायलाच हवा, पण तो साक्षीदार म्हणून यावा. साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते आणि मग त्याची उलटतपासणी करायची असते. शिक्षण घडते ते या दुसऱ्या भागात.

खटल्याची हकिगत अशी. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरचा ‘ॲन इन्कन्व्हीनियंट ट्रुथ’ हा माहितीपट २००६ साली आला आणि २००७च्या फेब्रुवारीत त्याला ऑस्कर मिळाले. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने त्याची डीव्हीडी सर्व माध्यमिक शाळांना पाठवण्याचे जाहीर केले. इथे प्रत्येक सरकारी शाळेला एक नियामक मंडळ असते आणि त्यावर पालक व स्थानिक नागरिक बसतात. केंट परगण्यातल्या अशाच एका नियामकाने, स्टुअर्ट डिमॉक यांनी, सरकारला कोर्टात खेचले. त्यांचा आधार होता १९९६चा शिक्षण कायदा. शाळेत कोणताही विषय शिकवताना पक्षपाती राजकीय मतांचा प्रचार करता येत नाही, आणि राजकीय वादाचा विषय मुलांसमोर आला तर विरोधी मतांची संतुलित मांडणी व्हायला हवी, असे तो कायदा सांगतो. हा चित्रपट म्हणजे मुलांच्या मनावर केलेला राजकीय मारा आहे, असे डिमॉक यांचे म्हणणे होते. १० ऑक्टोबर २००७ रोजी न्यायमूर्ती मायकेल बर्टन यांनी निकाल दिला. दोनच दिवसांनी गोर यांना संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञ-मंडळाबरोबर शांततेचे नोबेल जाहीर झाले, त्यामुळे निकालाची चर्चा जगभर झाली. बहुतेक ठिकाणी ती अर्धवट झाली. कुणी म्हणाले, कोर्टाने चित्रपट खोटा ठरवला. कुणी म्हणाले, कोर्टाने तो शाळांत दाखवायला परवानगी दिली.

प्रत्यक्षात निकाल याहून बारकाईचा होता. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, त्याला माणसाने हवेत सोडलेले वायू मुख्यतः कारणीभूत आहेत, याचे दुष्परिणाम होतील आणि उपाय केले तर ते कमी करता येतील, ही चित्रपटाची चार मुख्य विधाने संशोधनाच्या भक्कम आधारावर उभी आहेत, असे न्यायमूर्तींनी मानले. त्याचबरोबर नऊ जागी चित्रपट त्या वेळच्या सर्वमान्य शास्त्रीय निष्कर्षांच्या पुढे गेला आहे, असेही दाखवले. किलिमांजारोवरचे बर्फ, आफ्रिकेतले चाड सरोवर, कतरिना चक्रीवादळ आणि बुडणारी ध्रुवीय अस्वले यांचा त्या नवांत समावेश होता. चित्रपट दाखवा, पण शिक्षकांसाठीची मार्गदर्शक टिपणे सोबत हवीत आणि त्यांत या जागांकडे लक्ष वेधलेले हवे, असा निकालाचा अर्थ होता. सरकारने खटला चालू असतानाच ती टिपणे दुरुस्त केली होती. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू ही टिपणेच. समुद्राची पातळी वीस फुटांनी वाढली तर कोणकोणती शहरे बुडतील, हे चित्रपटात नकाशावर पसरत जाणाऱ्या पाण्याने दाखवले आहे. दृश्य इतके प्रभावी आहे, की एक साधा प्रश्न विचारायचे भान राहत नाही: कधी? चित्रपट त्याचे उत्तर देत नाही. निकालाच्याच वर्षी, २००७ साली, आलेल्या त्या शास्त्रज्ञ-मंडळाच्या अहवालाने चालू शतकाअखेरची वाढ १८ ते ५९ सेंटिमीटर अशी वर्तवली होती. हिमस्तरांचा प्रवाह वेगाने वाढला तर काय, हे त्यात पूर्णपणे धरलेले नव्हते. वीस फुटांची वाढ होण्यास मात्र अनेक शतके लागतील. चौदा वर्षांच्या मुलाने हा ‘कधी’ विचारला आणि त्याचे उत्तर शोधले, तर त्याला हवामानशास्त्र थोडे कळतेच, शिवाय दृश्य आणि पुरावा यांच्यातले अंतरही कळते.

हे अंतर गोर यांच्या चित्रपटापुरते नाही. ते या कलाप्रकारातच मुरलेले आहे आणि ब्रिटनचा इतिहास त्याची साक्ष देतो. पहिल्या महायुद्धावरचा ‘द बॅटल ऑफ द सोम’ १९१६च्या ऑगस्टमध्ये, लढाई चालू असतानाच, चित्रपटगृहांत लागला आणि लाखो लोकांनी तो पाहिला. खंदकातून वर चढून शत्रूकडे निघालेल्या सैनिकांचे त्यातले दृश्य आजही महायुद्धावरच्या असंख्य कार्यक्रमांत वापरले जाते. ते दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या खंदकात घडवून घेतलेले होते. १९३६च्या ‘नाइट मेल’मध्ये रात्रीच्या टपालगाडीत पत्रे निवडणारे कर्मचारी खरे आहेत, पण डब्याचा अंतर्भाग स्टुडिओत उभारलेला होता आणि गाडीचे हेलकावे कर्मचाऱ्यांनी अंग डोलावून दाखवले होते. १९३५च्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’मध्ये पूर्व लंडनच्या गलिच्छ वस्तीतले रहिवासी थेट कॅमेऱ्याकडे पाहून उंदीर-ढेकणांबद्दल, ओलीबद्दल बोलतात. सामान्य माणसाला पडद्यावर स्वतःच्या शब्दांत बोलू देणारा तो पहिल्या काही चित्रपटांपैकी एक. त्याला पैसा पुरवला होता गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, कारण जुन्या चाळी पाडून नवी घरे झाली की त्या घरांत गॅस लागणार होता. आणि २०११च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मध्ये बर्फाच्या गुहेत ध्रुवीय अस्वलाची पिल्ले दिसतात ती नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात चित्रित केलेली होती, हे कळल्यावर इथे वृत्तपत्रांत बरेच दिवस वाद झाला. ही चारही उदाहरणे फसवेगिरीची म्हणून मी देत नाही. हिमगुहेत कॅमेरा नेला तर माय-पिल्लांचा जीव धोक्यात येईल, आणि १९३६च्या अवजड यंत्रसामग्रीने धावत्या डब्यात चित्रण करणे कठीणच होते. पण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काही ठरवले आहे, आणि काय ठरवले हे पडद्यावर लिहिलेले नाही. ते वर्गात सांगावे लागते.

जे दाखवले त्याची तपासणी तरी करता येते. जे दाखवलेच नाही ते ओळखायला अधिक सरावलेली नजर लागते. ‘सेव्हन अप!’ हा ग्रॅनडा टेलिव्हिजनचा माहितीपट १९६४ साली प्रसारित झाला. त्यात वेगवेगळ्या आर्थिक थरांतल्या, सात वर्षांच्या १४ मुलांना त्यांच्या आयुष्याबद्दल, अपेक्षांबद्दल प्रश्न विचारले होते. पुढे मायकेल ॲप्टेड यांनी २०१९च्या ‘६३ अप’पर्यंत दर सात वर्षांनी त्यांचे पुन्हा चित्रण केले आणि त्याची मालिका झाली. ब्रिटिश समाजातला वर्गभेद समजावून देणारे याहून समृद्ध साधन समाजशास्त्राच्या शिक्षकाला क्वचितच मिळेल. पण त्या १४ मुलांत मुली फक्त चार होत्या. पुढच्या काही दशकांत बायकांच्या आयुष्यात किती उलथापालथ होणार आहे याचा अंदाज १९६४ साली निवड करणाऱ्यांना आला नव्हता, आणि पुढे ॲप्टेड यांनी याची खंत जाहीरपणे व्यक्त केली. पूर्व लंडनमधला एक मुलगा मोठेपणी गुन्हेगारीकडे वळेल असे गृहीत धरून, तो २१ वर्षांचा असताना त्यांनी त्याला त्या भागातल्या बदनाम जागांवर नेऊन चित्रण केले. तो टॅक्सीचालक झाला आणि त्याने संसार उभा केला. वर्गभेदावर टीका करणाऱ्या दिग्दर्शकाच्या मनातही वर्गाविषयीचे पूर्वग्रह होते, हे या मालिकेतच नोंदले गेले आहे. ‘सेव्हन अप!’ नुसता पाहिला तर मुलांना एका देशाची माहिती मिळते. निवड कुणी केली, कुणाला वगळले, कोणते प्रश्न कुणाला विचारले याची यादी करत पाहिला, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांतली गृहीतके कशी काम करतात ते त्यांना कळते.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की या पद्धतीने आपण मुलांना संशयी बनवू. आजच्या मुलांवर आधीच खऱ्याखोट्याचा भडिमार आहे. त्यांना आणखी ‘हेही रचलेले, तेही रचलेले’ असे शिकवले, तर ती कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, आणि हवामानबदल नाकारणाऱ्यांना आयतेच कोलीत मिळेल. हा धोका खरा आहे. पण तो अर्धवट उलटतपासणीचा धोका आहे. सोमचे ते दृश्य रचलेले होते, एवढेच सांगून थांबणारा शिक्षक संशय पेरतो. त्याच लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्यातले १९ हजारांहून अधिक सैनिक मेले आणि ते कबरींच्या नोंदींतून, पलटणींच्या रोजनिशींतून सिद्ध होते, हे पुढे सांगणारा शिक्षक विश्वास कशावर ठेवावा ते शिकवतो. बर्टन यांनी नऊ जागांवर बोट ठेवले आणि तरीही चार मुख्य विधाने भक्कम मानली. कोणते विधान किती आधारावर उभे आहे याची अशी प्रतवारी करता येणे हाच संशयीपणावरचा उतारा आहे. तो निकालही याच कसोटीला लावावा. प्रवाळांचे रंग उडणे हे तापमानवाढीमुळे किती आणि मासेमारी, प्रदूषण यांमुळे किती, हे वेगळे करणे कठीण असल्याचे त्यात म्हटले होते. पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर समुद्राच्या उष्णतेने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि त्या मुद्द्याचे पारडे गोर यांच्याकडे झुकले. २००६चा चित्रपट आणि २००७चा निकाल दोन्ही आजच्या पुराव्याशी ताडून पाहणारा वर्ग विज्ञान कसे पुढे जाते तेच शिकत असतो.

दुसरा आक्षेप संतुलनाचा. प्रत्येक माहितीपटासमोर विरुद्ध बाजू ठेवायची म्हटले, तर खऱ्याला आणि खोट्याला सारखाच वेळ द्यावा लागेल. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२२च्या फेब्रुवारीत राजकीय निःपक्षपातीपणावर जी मार्गदर्शिका काढली, तिने ही गफलत दूर केली आहे. माणसामुळे हवामान बदलतच नाही असल्या निराधार दाव्यांना समतोलाच्या नावाखाली वर्गात जागा द्यायची गरज नाही, असे ती म्हणते. बदल रोखण्यासाठी कोणता कर लावावा, अणुऊर्जा वापरावी की नाही, खर्च कुणी उचलावा, हे मात्र मतभेदाचे विषय आहेत आणि तिथे विविध मते मांडायला हवीत. ज्या गोष्टींचा निर्णय पुरावा देतो आणि ज्यांचा निर्णय समाजाने करायचा असतो, त्यांच्यातली सीमारेषा मुलांना दाखवणे हेच संतुलन. माहितीपट बहुधा ही रेषा पुसून टाकतात, कारण आकडा आणि आवाहन एकाच आवाजात, एकाच संगीतावर येतात. म्हणून ती वर्गात पुन्हा आखावी लागते.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे आणि शिक्षक तो कळकळीने मांडतात. परीक्षा समोर असताना दीड तासाचा चित्रपट आणि वर त्याची चिकित्सा कुठे बसवायची? याचे उत्तर असे, की पूर्ण चित्रपट दाखवण्याची गरज क्वचितच असते. दहा मिनिटांचा उतारा एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून दाखवला, तर निवेदन आणि संगीत आपल्याकडून काय मान्य करवून घेत होते ते मुलांना स्वतःच उमगते. ही सवय फक्त चित्रपट-अभ्यास हा विषय घेणाऱ्यांपुरती ठेवणे मात्र चूक आहे. इथे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेत त्या विषयात माहितीपटावर स्वतंत्र विभाग आहे, पण तो विषय घेणारी मुले थोडी. बाकीच्यांना इतिहास, भूगोल आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनीच हे शिकवायचे आहे. २०२५ साली किशोरवयीन हिंसेवरची ‘अडॉलसन्स’ ही मालिका माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून देण्यात आली. ती काल्पनिक कथा आहे, तरीही त्या काळातल्या सार्वजनिक चर्चेत, अगदी पंतप्रधानांच्या बोलण्यातही, तिचा उल्लेख माहितीपट म्हणून झाला. मोठ्यांची जर अशी गल्लत होते, तर मुलांना हा भेद शिकवण्यात घालवलेला वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना या सगळ्याचा थेट उपयोग आहे. आपला कॉपीराइट कायदाही शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवायला मुभा देतो. फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासून केलेल्या माहितीपटांचा मोठा संग्रह देशात आहे, आणि पुण्याच्या बालचित्रवाणीने मराठी शाळांसाठी अनेक वर्षे कार्यक्रम तयार केले. ती संस्था बंद पडली ही हानीच आहे. आता कित्येक वर्गांत पडदा पोहोचला आहे, पण चित्रपटासोबत शिक्षकाच्या हाती टिपण पोहोचलेले नाही. जिथे बालभारतीचे पाठ्यपुस्तक हाच शेवटचा शब्द मानण्याची सवय आहे, तिथे पडद्यावरचे निवेदनही तसेच, प्रश्न न विचारता, स्वीकारले जाण्याचा धोका अधिक आहे. म्हणून प्रत्येक माहितीपटाबरोबर एका पानाचे मराठी टिपण हवे. तो कुणी, केव्हा, कुणाच्या पैशाने केला, त्यातले कोणते दृश्य घडवलेले आहे, कोणते विधान पुढच्या संशोधनाने पक्के झाले, कोणते मागे पडले आणि कुणाचे म्हणणे त्यात आलेच नाही, एवढे त्यात असले तरी पुरे. हे काम विषयशिक्षकांचे गट करू शकतात आणि त्याला फारसा खर्च येत नाही. इंग्लंडमध्ये अशी टिपणे नीट व्हायला एक खटला उभा राहावा लागला. आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.