‘मार्गे’ नसलेली गाडी

परंड्याहून पुण्याला करमाळ्याकडून या की कुर्डुवाडी-टेंभुर्णीकडून, शेवटी सोलापूर रस्ता धरून स्वारगेटलाच उतरायचं. उतरणाऱ्यांत एखादा तरी पेशंट असतोच, आणि बहुतेक वेळा तो ससून रुग्णालयाकडं निघालेला असतो. पूर्वी इथून पुढची गाठ थेट रिक्षावाल्याशी पडायची. २९ सप्टेंबर २०२४ला स्वारगेट ते जिल्हा न्यायालय हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून दुसरी वाट आहे. ती वाट धरून मी मामींना ससूनला नेलं.

तिकिटाचं यंत्र टाळून आम्ही खिडकीशी गेलो. “ससून,” मामी म्हणाल्या. ससून नावाचं स्थानकच नाही. पण आतल्या मुलीनं काही न विचारता पुणे रेल्वे स्थानकाची दोन तिकिटं काढून दिली. चौकोनी ठिपक्यांचा आपला कागद मामींनी एसटीच्या सवयीनं चार घड्या घालून चंचीत टाकला. तीच चंची पुढं तपासणीत अडली. पिशवी पट्ट्यावरून आत गेली आणि पडद्यावर अडकित्ता उमटला. ज्वारीचं पीठ, शेंगांची चटणी, फाइल यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पहारेकरी बाईंनी अडकित्ता उलटसुलट करून पाहिला. “आत काढायचा नाही, आजी. आणि पान खायचं नाही.” मामींनी मान डोलावली, पण आजी म्हटलेलं त्यांना काही रुचलं नाही.

स्वारगेटला चुकायला जागाच नाही, कारण गाडी तिथूनच सुटते. मंडई, मग कसबा पेठ. वर वाडे, बोळ, भाजीचे ढीग. खाली काळी भिंत आणि खिडकीत आपलाच चेहरा. कसब्याच्या पुढं बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो. मी तसं सांगितल्यावर मामींनी छताकडं पाहिलं. “गळत न्हाई म्हंजे बरंय.”

खरी कसोटी जिल्हा न्यायालयाला. दोन मार्ग इथं एकमेकांना छेदतात. पिंपरी चिंचवड ते स्वारगेट ही गाडी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर, आणि वनाज ते रामवाडी ही रस्त्याच्याही वर, खांबांवर. आमच्याकडं विहीर परसानं मोजतात आणि सात-आठ परस म्हणजे खोल समजतात. इथला फलाट त्याहून बराच खाली. तरी वरून दिवसाचा उजेड थेट फलाटावर पडतो, ही मांडणी करणाऱ्याला मानलं पाहिजे. सरकत्या जिन्यापाशी मामी थबकल्या. पायऱ्या जमिनीतून उगवताना त्या पाहत राहिल्या, मग लुगड्याचा काठ मुठीत धरून म्हणाल्या, “तू जा. मी लिफ्टनं येते.” एक लिफ्ट मधल्या मजल्यावर सोडते, वरच्या फलाटाची दुसरीच असते. दोन्हींच्या मध्ये बरंच चालणं आहे, आणि गुडघे दुखणाऱ्याला ते कुणी आधी सांगत नाही.

वर आल्यावर दोन फलाट, दोन नावं: वनाज आणि रामवाडी. ससूनला जायचं तर कुठल्या बाजूला उभं राहायचं? एसटीचा प्रवास विचारत विचारत होतो. उभ्या गाडीच्या खिडकीतून कुणीतरी ओरडून सांगतं, “परंडा? मागची.” पाटीवर शेवटच्या गावाखाली ‘मार्गे’ असतं, आपलं गाव त्यात दिसलं की चढायचं. मेट्रोच्या पाटीवर फक्त शेवटचं टोक ठळक असतं. मधल्या स्थानकांचा तक्ता भिंतीवर आहे, पण तो वाचायला चष्मा आणि सवड दोन्ही लागतात. म्हणजे ज्या रामवाडीला मामींना जन्मात जायचं नाही, तिचं नाव पाठ असल्याशिवाय ससून गाठता येत नाही. विचारायचं तर शेजारच्याच्या कानात बोंडं. चालक दिसत नाही, कंडक्टर नाहीच.

रामवाडीकडची गाडी सुटली आणि लगेच पुलावर आली. खाली मुठा. “हीच का मघाची?” मामींनी विचारलं. हीच. मग त्या खिडकीपासून हलल्या नाहीत. मंगळवार पेठ गेलं तरी त्यांचं नदीचंच चाललं होतं.

पुणे रेल्वे स्थानकाला उतरल्यावर बाहेर पडतानाही तिकीट दाखवावं लागतं. ही गोष्ट एसटीवाल्या माणसाला हमखास नडते. कंडक्टरनं एकदा दिलं की त्याचं काम संपलं, तिकीट खिडकीबाहेर गेलं तरी चालतं, अशी आपली सवय. चंचीतून घड्या पडलेला, काताचा डाग लागलेला कागद निघाला. फाटकानं तो ओळखला नाही. मागं रांग लागली. कर्मचाऱ्यानं येऊन तो मांडीवर ताणून सपाट केला, पुन्हा धरला, आणि दार उघडलं.

खिडक्या कमी करून सगळं यंत्रावर आणि मोबाइलवर न्यावं, असं सुचवणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा यंत्रापुढं उभं राहून ‘ससून’ शोधावं. ते नाव फक्त खिडकीतल्या मुलीला ठाऊक आहे.