जोत्यापासून व्यासपीठापर्यंत

समाजमंदिर, ग्रामपंचायतीचे सभागृह, सार्वजनिक वाचनालय किंवा नगरपालिकेचे नाट्यगृह बांधताना इमारत जोत्यावर उचलून घेतात. पावसाचे पाणी आत येऊ नये, हे त्यामागचे साधे कारण. जोते बहुधा ४५ ते ६० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे तीन-चार पायऱ्या. धडधाकट माणूस त्या नकळत चढून जातो. व्हीलचेअर वापरणाऱ्याची वाट मात्र तिथेच संपते, आणि गुडघे दुखणाऱ्या आजी, गरोदर बाई किंवा पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण तिथेच अडखळतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातले होते. थकलेले वृद्ध या आकड्यात सगळे धरलेले नाहीत.

पायऱ्यांना पर्याय म्हणजे रॅम्प. व्यक्ती आणि खुर्ची मिळून ९० किलो वजन धरले, तर ते ४५ सेंटिमीटर वर नेण्यासाठी सुमारे ४०० ज्यूल ऊर्जा खर्च होतेच. रॅम्प ही ऊर्जा वाचवत नाही. तो ती लांब अंतरावर पसरवतो, त्यामुळे प्रत्येक क्षणी लावावा लागणारा जोर कमी होतो. एक मीटर चढण्यासाठी १२ मीटर लांबी, म्हणजे १:१२ चा उतार असेल, तर या वजनाला वर ढकलायला सुमारे ७३ न्यूटन बल लागते, म्हणजे साडेसात किलोचे ओझे उचलण्याइतके. सपाट, कडक फरशीवर हेच काम १०-१५ न्यूटनमध्ये होते. उतार १:६ केला की जोर दुप्पट होतो, १:४ वर तो २०० न्यूटनच्या पुढे जातो. दंडाच्या बळावर चाके फिरवणाऱ्या माणसाला तो झेपत नाही. शिवाय खुर्चीचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसाच्या थोडाच पुढे असतो. चढ फार तीव्र असला की तो आसाच्या मागे सरकतो आणि खुर्ची पाठीवर कलंडू शकते. उतरताना वेगळीच पंचाईत: ब्रेकचे काम तळहातांनाच करावे लागते.

१:१२ हे प्रमाण हवेतून आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजेंट यांनी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यात युद्धात जायबंदी झालेले सैनिकही होते. त्यांच्या प्रत्यक्ष वावरातून आणि चाचण्यांमधून कोणती मापे चालतात, हे ठरत गेले. त्यावर आधारलेले अमेरिकेचे सुगम्यतेचे पहिले मानक १९६१ मध्ये निघाले. मोजक्या पानांच्या त्या दस्तऐवजात रॅम्पचा कमाल चढ बारास एक असा दिला होता. भारतातील बांधकाम नियमांतही तेच प्रमाण आहे. एका सलग रॅम्पची लांबी ९ मीटरपेक्षा जास्त नसावी आणि दोन्ही बाजूंना कठडे असावेत, असेही ते सांगतात. नऊ मीटरांत ७५ सेंटिमीटर चढ होतो. त्याहून उंच जायचे तर मध्ये सपाट थांबा हवा.

अडचण जागेची असते. ६० सेंटिमीटरच्या जोत्यासाठी ७.२ मीटर लांब रॅम्प लागतो, आणि वळण घ्यायचे तर दीड मीटरची सपाट जागाही. नकाशात ती आधी धरलेली नसली की शेवटी पायऱ्यांच्याच कडेला सिमेंटची तिरकी पट्टी ओतली जाते. कागदावर रॅम्प होतो. प्रत्यक्षात त्यावरून दुचाकी वर चढवतात.

रॅम्प संपतो तिथे उंबरठा येतो, आणि याचे गणित रॅम्पपेक्षा क्रूर आहे. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांची त्रिज्या साधारण ६० मिलिमीटर असते. थांबलेले चाक १० मिलिमीटर उंच कडेवर चढवायला त्यावरील भाराच्या दोन तृतीयांश इतके आडवे बल पुरते. कड २० मिलिमीटर असेल तर भारापेक्षाही जास्त बल लागते. कडेची उंची चाकाच्या त्रिज्येएवढी, म्हणजे ६० मिलिमीटर झाली, तर कितीही जोर लावला तरी चाक पुढच्या दिशेने ढकलून वर चढत नाही. लाकडी चौकटीचा जुना उंबरा सहज इतका उंच असतो. मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३०० मिलिमीटर असल्याने त्याला २० मिलिमीटरची कड ओलांडायला भाराच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी बल लागते. सराईत मदतनीस उंबऱ्यावरून खुर्ची उलटी वळवून मागून ओढतात, ते याच कारणाने. उंबरा १२ मिलिमीटरच्या आत असावा आणि त्याची कड तासलेली असावी, ही शिफारस या गणिताशी जुळते.

दरवाज्याची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी आणि खुर्ची पूर्ण फिरवायला दीड मीटर व्यासाची जागा हवी. ही दोन मापे सर्वांत वाईट चुकतात ती स्वच्छतागृहात. व्हीलचेअरवरून कमोडवर सरकायचे तर कमोडच्या एका बाजूला खुर्ची उभी राहील इतकी जागा लागते, आसनाची उंची खुर्चीच्या जवळपास, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आसपास लागते आणि शरीराचा भार पेलतील असे दांडे भिंतीत घट्ट बसवावे लागतात. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवून त्याला कुलूप लावण्याची रीत मात्र कुठल्याही मोजमापाने सुटत नाही.

दृष्टिबाधितांना इमारत पायाने, हाताने आणि उरलेल्या नजरेने वाचावी लागते. पायांसाठी उठावदार फरश्या असतात. जपानमधील सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. लांबट पट्ट्या ‘या दिशेने चला’ असे सांगतात, तर गोल बुंदके ‘थांबा, पुढे धोका आहे’ असे. ही भाषा बिघडवणे फार सोपे आहे. शोभेसाठी बुंदक्यांची फरशी भलतीकडे लावली, किंवा पट्ट्यांची वाट थेट खांबावर नेऊन सोडली, तर त्या नसलेल्या बऱ्या. हातांसाठी ब्रेल असते. त्यातले ठिपके सुमारे अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे बोटाच्या टोकाला दोन स्पर्श वेगळे कळण्याच्या मर्यादेला लागूनच. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात.

बहुतेक दृष्टिबाधितांना थोडे दिसत असते, आणि त्यांच्यासाठी रंगांतला फरक महत्त्वाचा ठरतो. काळ्या ग्रॅनाइटच्या जिन्याला त्याच ग्रॅनाइटच्या कडा असतील, तर पायरी कुठे संपते हे कळत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारी रंगीत पट्टी हवी. हा या यादीतला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय. गुळगुळीत, चकाकणारी फरशी दिव्यांचे प्रतिबिंब पाडून कमी दिसणाऱ्याला आणखी गोंधळात टाकते, आणि ओली झाली की कुबडीचे टोकही तिच्यावर सरकते.

ऐकू कमी येणाऱ्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नकाशातही उतरत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९० च्या दशकात हार्वर्डमधील घुमणाऱ्या व्याख्यान-दालनावर प्रयोग करून दाखवले की, आवाज घुमत राहण्याचा काळ दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि ध्वनी शोषणाऱ्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच सभागृह घ्या. गिलाव्याच्या भिंती, लादी आणि स्लॅब आपल्यावर पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात असे धरले, तर रिकाम्या सभागृहात आवाज सात-साडेसात सेकंद घुमतो. दोनशे माणसे बसली की हा काळ दीड सेकंदाच्या आसपास येतो, कारण माणसांचे कपडे आणि अंग ध्वनी शोषतात. बोललेले नीट समजायला तो एक सेकंदाच्या आत असलेला बरा. सशक्त कान घुमण्यातूनही शब्द वेचतात. श्रवणयंत्र मात्र बोलणे, घुमणे आणि पंख्यांची घरघर सगळेच मोठे करते. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवण्याने हा गोंधळ फक्त मोठा होतो. छताला किंवा मागच्या भिंतीला ध्वनिशोषक पॅनेल लावणे आणि जाड पडदे टांगणे हा खरा उपाय आहे.

दुसरा उपाय फॅरडेच्या नियमावर चालतो. सभागृहाभोवती तारेचे वेटोळे टाकून त्यातून मायक्रोफोनच्या संदेशानुसार बदलणारा प्रवाह सोडतात. त्याचे बदलते चुंबकीय क्षेत्र अनेक श्रवणयंत्रांत असलेल्या टी-कॉइल या छोट्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण करते आणि वक्त्याचा आवाज मधली घुमणारी हवा टाळून थेट कानात पोहोचतो. स्लॅबमधील लोखंडी सळयांमुळे हे क्षेत्र क्षीण होते, म्हणून वेटोळ्याची आखणी इमारत पाहूनच करावी लागते. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी उजेडात उभा असणे आणि आगीचा इशारा भोंग्याबरोबर दिव्यानेही मिळणे आवश्यक असते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देऊ नये आणि इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असे तो सांगतो. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या नियमांनी मानके केवळ शिफारशीच्या रूपात ठेवली आणि ते मूळ कायद्याशी विसंगत आहे. सक्तीची मानके ठरवण्यास न्यायालयाने केंद्राला तीन महिने दिले.

जुन्या इमारतीत सर्वांत उशिरा आठवणारी जागा म्हणजे व्यासपीठ. प्रेक्षकांसाठी रॅम्प बांधताना दिव्यांग माणूस समोर बसणार, असे गृहीत धरले जाते. तो सरपंच, वक्ता, गायक किंवा सत्कारमूर्ती असू शकतो, हे धरले जात नाही. ७५ सेंटिमीटर उंच व्यासपीठाला बारास एक या प्रमाणाने पूर्ण ९ मीटर रॅम्प लागतो, आणि तेवढी लांबी आत क्वचितच मिळते. अशा ठिकाणी बाजूला छोटे विद्युत-उचलक बसवता येते. तेही परवडत नसेल, तर व्यासपीठच ३० सेंटिमीटरपर्यंत उतरवले की ३.६ मीटरचा रॅम्प पुरतो. लहान सभागृहात मागच्या रांगेला तेवढ्या उंचीवरूनही वक्ता दिसतो.