पांढरे छप्पर

मे महिन्याची दुपार. मुंब्र्याच्या एखाद्या चाळीत पत्र्याच्या छपराखाली बसून पाहा. पंखा फिरत असतो, पण वारा गरमच लागतो. आजी डोक्यावर ओले फडके घेते. पाळण्यातले बाळ सारखे रडते. कल्याणच्या जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचेही असेच हाल. तिथे रात्री अकरा वाजले, तरी छत गरमच! असे का होते?

मुलांनो, ऊन केवळ खिडकीतून घरात येत नाही. त्याची उष्णता छपरातूनही येते. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन शोषून घेते आणि ती उष्णता रात्री हळूहळू खालच्या खोलीत सोडते. पत्रा पातळ असतो. तो लगेच तापतो. नवा चकचकीत पत्रा पुष्कळ ऊन परत पाठवतो; पण एकदा तापला, की त्याची उष्णता सहज बाहेर पडत नाही. पुढे तो गंजतो, काळवंडतो आणि अधिकच तापतो.

यावर एक सोपा उपाय आहे. उन्हाळ्यात आपण पांढरे कपडे घालतो. मग छपराला पांढरा पोशाख का घालू नये? चांगला पांढरा लेप ताजा असताना शंभरातले सत्तर-ऐंशी भाग ऊन परत पाठवतो. उरलेली उष्णताही तो आकाशाकडे सहज सोडतो. त्यामुळे छपराखालच्या खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. मात्र याचा लाभ वरच्या मजल्यालाच होतो, खालच्या मजल्यांना फारसा नाही.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या उन्हाळ्यात तिथे अनेकांचे प्राण गेले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याची योजना आखली. पुढे तिथे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही झाले. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी धोरणच जाहीर केले. आपल्याकडेही एप्रिल २०२४ मध्ये हवामान खात्याने ठाणे जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता.

बाजारात यासाठी खास रंग मिळतात. ते परवडत नसतील, तर गाळलेल्या चुन्यात डिंक मिसळून दोन हात द्यावेत. आपल्याकडचा मुसळधार पाऊस चुना धुऊन नेतो. म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास हे काम करावे. छपरावर धूळ साचली, तर ती झाडून काढावी. कारण मळलेला पांढरा रंग नीट काम करत नाही.

पण लक्षात ठेवा, हे काम मोठ्यांचे आहे. सिमेंटचे पत्रे पायाखाली अचानक फुटतात आणि चुना डोळ्यांत गेला, तर डोळ्यांना इजा होते. तुम्ही एक प्रयोग करा. सारखे दोन डबे घ्या. एक काळा रंगवा, एक पांढरा. दोन्हींत सारखे पाणी भरा आणि झाकणे लावून उन्हात ठेवा. दोन तासांनी पाण्यात बोट घालून पाहा. मग घरी मोठ्यांना सांगा.

'चुना लावणे' म्हणजे फसवणे, हा वाक्प्रचार तुम्ही उर्दूतही ऐकला असेल. या उन्हाळ्यात आपण चक्क सूर्यालाच चुना लावू या!