सातचं जेवण, आठची ड्यूटी

वृद्धाश्रम बघायला आलेलं कुटुंब आधी खोली बघतं, मग संडास-बाथरूम, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी ऑफिसात येऊन ‘महिन्याचे किती?’ असं विचारतं. प्रश्न सगळे रास्तच असतात. पण ज्यांना इथे राहायचं असतं, त्या आजी किंवा आजोबा बऱ्याचदा बाहेर गाडीतच बसलेले असतात.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी सिंहगडाच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात आठवड्यातून एक दिवस कागदपत्रांच्या कामाला जाते. साठेक माणसं राहतात. निम्मी चालती-फिरती, बाकीची कमी-अधिक परावलंबी. पुण्याला ही गोष्ट नवी नाही. नव्या पेठेतलं ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, पण ते निराधारांसाठी होतं. आता आमच्याकडे येतात त्यांना मुलं असतात, पेन्शन असते, कित्येकांचे स्वतःचे फ्लॅट असतात. त्या टेबलाशी बसून मला कळत गेलं, की इथे येताना माणूस घराबरोबर रोजचे शंभर बारीकसारीक निर्णयही सोडून येतो. कधी उठायचं, गोळी कधी घ्यायची, पंखा किती ठेवायचा, दाराला कडी घालायची की नाही. त्यांतले किती त्याच्याकडे परत येतात, यावर पुढचं राहणं कसं होणार ते ठरतं.

सुरुवात प्रवेश अर्जापासून होते. आधार कार्ड, फोटो, डॉक्टरांचा दाखला, रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे. दोन जबाबदार व्यक्तींची नावं, त्यातली एक पुण्यातलीच हवी. रात्री दोन वाजता फोन उचलणारी. मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळुरात असेल, तर ही दुसरी व्यक्ती शोधताना भाचे, पुतणे, जुने शेजारी असे सगळे आठवले जातात. मग येतं ते पान, जिथे नातेवाइकांचा आवाज खाली जातो. अंत्यसंस्कार कोण करणार? परदेशातून कोणी येईपर्यंत थांबायचं का? नेत्रदान करायचंय का? डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून ही इच्छा आधीच लिहून ठेवलेली बरी.

मुलं अवघडतात, म्हातारी माणसं फारशी नाही. मिरजेकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं लेकीच्या हातातून फॉर्म घेतला आणि स्वतःच लिहिलं: विद्युतदाहिनी, दिवस-कार्य नको. मग मला विचारलं, “व्हेंटिलेटरचा रकाना कुठेय?” तो नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतं. बाईंनी पुढच्या महिन्यात ते करून घेतलं आणि एक प्रत आमच्या फायलीत लावायला लावली.

अर्ज भरून झाला की आमच्या व्यवस्थापक मुलांना चहाला पाठवतात आणि दार लोटून आजी-आजोबांशी एकट्यानं बोलतात. पहिला प्रश्न एकच: “तुम्हाला यायचंय का?” कोणी म्हणतं, “सुनेचंही वय झालंय हो, किती करेल ती?” कोणी म्हणतं, “पोरगा म्हणतोय म्हणून.” आणि कधी कधी उत्तर येतं, “आम्ही चार दिवस हवापालटाला आलोय ना?” असं उत्तर आलं की त्या दिवशी प्रवेश होत नाही. मुलांना सांगितलं जातं, घरी न्या, खरं काय ते बोला, मग या. हे कठोर वाटतं. पण फसवून आणलेला माणूस रोज पिशवी भरून व्हरांड्यात बसतो, आणि ‘येईल हं मुलगा’ म्हणणाऱ्या मावशींवरचा त्याचा विश्वास आठवडाभरात उडतो. तो पुन्हा बसत नाही. स्मृतिभ्रंशाच्या माणसांचं वेगळं. संध्याकाळ झाली की त्यांची चलबिचल वाढते, ‘घरी जायचंय’ सुरू होतं, तेव्हा ‘हेच घर’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. जुन्या मावशी विचारतात, “घरी कोण कोण आहे?” आणि बोलत बोलत जेवायच्या टेबलापर्यंत घेऊन जातात.

सामानाची यादी आम्ही छापूनच देतो. चष्म्याचा जादा जोड, कवळीची डबी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, रबरी तळव्याच्या चपला, आणि प्रत्येक कपड्यावर नाव. साठ जणांचे कपडे एकाच मशीनमध्ये धुतले जातात. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त भांडणं बनियनवरून होतात. दागिने आणू नका असं लिहिलेलं असतं, तरी बांगड्या येतातच. त्या उतरत नाहीत, कित्येकींना उतरवायच्याही नसतात. मग रजिस्टरमध्ये पोलिसांच्या पंचनाम्यासारखी नोंद होते: ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, 2’. सोनं लिहायचं तर ते पारखणार कोण?

पहिल्या चार-पाच दिवसांत माणूस सर्वांत जास्त चिडतो तो वेळापत्रकावर. पहाटे साडेपाचला आंघोळी, सातला चहा, बाराला जेवण, आणि रात्रीचं जेवण सात वाजता. आयुष्यभर बातम्या बघून नऊला जेवणाऱ्याला सात म्हणजे मधल्या वेळचं खाणं वाटतं. ही वेळ कुठून आली, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. मावशी आणि मामांची ड्यूटी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ. रात्रपाळीला कामाची माणसं निम्मी असतात. भरवायचं आहे त्यांना भरवून, इन्सुलिन घेणाऱ्यांना इंजेक्शननंतर वेळेत ताट देऊन, डायपर बदलून सगळ्यांना अंथरुणावर टेकवायचं ते आठच्या आत. सकाळचंही तेच. एका मावशीकडे अंघोळ घालायची आठ माणसं, प्रत्येकाला वीस मिनिटं धरली तरी दोन तास चाळीस मिनिटं होतात. आणि दिवसपाळी यायच्या सुमारास ते उरकायचं तर साडेपाचला सुरुवात करणं भाग आहे. घड्याळ आजींच्या सोयीचं नसतं, पण ते कोणाच्या आडमुठेपणातूनही आलेलं नसतं. हे समजावून सांगितलं की निम्मा राग उतरतो. उरलेला राग खरा असतो आणि त्यावर मार्ग काढावा लागतो. ज्यांना स्वतःची आंघोळ स्वतः करता येते ते आता नऊला करतात. रात्रीसाठी डायनिंग हॉलमध्ये दूध, केळी आणि मेतकूट-भात झाकून ठेवलेला असतो.

गोळ्यांचा प्रसंग याहून नाजूक. वीस वर्षं स्वतःच्या हातानं बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला सिस्टर सांगतात, सगळ्या पट्ट्या इकडे जमा करा. कारण साधं आहे. शेजारच्या पलंगावरची गोळी चुकून घेतली जाते, किंवा घेतल्याचं विसरून दुसऱ्यांदा घेतली जाते, मग चक्कर येते आणि पडणं होतं. पण सगळ्यांनाच विसरायला होत नाही. आमच्याकडे आता महिनाभर निरीक्षण करून ज्यांचं चोख आहे त्यांना आठवड्याच्या खणांची डबी परत देतात. ती डबी परत मिळालेल्या एका आजोबांनी, रेल्वेत गार्ड होते ते, ऑफिसात येऊन रजिस्टरमध्ये ‘ताबा मिळाला’ लिहून सही केली.

कडीचंही तसंच. माणसं पडतात ती बहुधा रात्री, संडासला जाताना. म्हणून बाथरूमचं दार बाहेर उघडणारं असावं लागतं. आत उघडणारं असेल आणि माणूस दाराला टेकून पडला असेल, तर बाहेरून ढकलायचं कसं? बाथरूमची कडी आमच्याकडे काढलेली आहे आणि बाहेर फिरवायची ‘आत माणूस आहे’ अशी पाटी आहे. खोलीच्या दाराला मात्र बाहेरून चावीनं उघडणारा लॅच आहे, म्हणजे आतून बंद करता येतं. मावशींनी टकटक केल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहिला आहे. पाळला जातो का? दुपारी बऱ्यापैकी. पहाटे साडेपाचला नाही.

नव्या माणसाला कोणी सांगत नाही अशा गोष्टी तिथल्या माणसांमधल्या असतात. डायनिंग हॉलमध्ये प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, आणि ती कुठेही लिहिलेली नसते. नवीन आलेला हमखास कोणाच्या तरी खुर्चीत बसतो आणि समोरच्यांचं बोलणं थांबतं. दोघांच्या खोलीत मोठा तंटा घोरण्यावरून कमी, पंख्याच्या रेग्युलेटरवरून जास्त. रेग्युलेटर ज्याच्या पलंगापाशी त्याचं राज्य. म्हणून खोली ठरवताना खिडकी बघण्यापेक्षा सोबतीला कोण आहे आणि त्यांना पंखा किती लागतो, ते विचारावं. आणि हाक. मावशी सगळ्यांनाच ‘आजी’ म्हणतात, प्रेमानंच म्हणतात. पण मिरजेच्या त्या मुख्याध्यापिकेनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, “मला बाई म्हणायचं.” तेव्हापासून त्या बाईच आहेत, स्वयंपाकघरातसुद्धा.

जेवण मऊ आणि बेताच्या मिठाचं असतं. कपाटांत लसणाच्या चटणीच्या बाटल्या असतात. खरी गंमत पितृपक्षात. कोणाच्या तरी तिथीनिमित्त रोज अन्नदान येतं, खीर, वडे, जिलबी. फळ्यावर दात्याचं नाव लागतं आणि जेवणाआधी सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायची असते. निम्म्यांना मधुमेह. शिवाय महिन्याची पूर्ण फी भरणाऱ्या एका काकांचं म्हणणं, “मी पैसे भरतो, मग हात का जोडायचे?” दात्यांच्या पैशावर काही निवासींची फी कमी होते हेही खरं, आणि काकांचं म्हणणंही खरं. आता प्रार्थना ऐच्छिक आहे, आणि गोडाऐवजी अंथरुणावर घालायची रबरी चादर किंवा डायपरचे पुडे चालतील असं देणाऱ्यांना सांगितलं जातं. काहींना ते रुचत नाही. डायपरवर नाव कसं घालणार!

पैशाच्या बाबतीत मासिक फीचा आकडा फसवा असतो. डायपर, औषधं, रुग्णवाहिका, दवाखान्यात सोबतीला बसणारी बाई, हे सगळं वर येतं. पण त्याहून मोठा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: चालता-फिरता आलेला माणूस अंथरुणाला खिळला तर काय? कित्येक ठिकाणी फक्त स्वावलंबी माणसं ठेवतात, आणि खुब्याचं हाड मोडलं की मुलांना फोन जातो, ‘घेऊन जा’. काही ठिकाणी वेगळा आजारी विभाग असतो. तिथे फी बदलते, खोली जाते, जुने शेजारी सुटतात. तिथे हलवायचं हे कोण ठरवतं, आजोबांना विचारतात का, बरं वाटलं तर जुनी खोली मिळते का, हे लेखी घ्यावं. आजारी विभाग आधी जाऊन बघावा. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद पलंगाशी असेल आणि दुपारच्या वेळी वास येत नसेल, तर ते ठिकाण बरं समजावं.

घराच्या कागदांबद्दल मी बँकेतल्या अनुभवावरून एवढंच सांगते: इथे येण्याच्या गडबडीत फ्लॅटचं बक्षीसपत्र करून देऊ नये. करायचंच असेल तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे अशी अट पाळली गेली नाही तर प्रांताधिकारी पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पेन्शनचं खातं स्वतःच्याच हातात ठेवावं. नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी आता बँकेत जावं लागत नाही. बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती आम्ही मोबाइलवर व्हरांड्यातच करतो.

पहिला महिना सगळ्यांनाच जड जातो. झोप लागत नाही, भूक मरते, मुलांना दिवसातून पाच फोन होतात. मुलंही अपराधी वाटून दर रविवारी डबा घेऊन येतात, आणि मग सहाव्या रविवारपासून येईनाशी होतात. ठरावीक दिवशी, थोडा वेळ, पण वर्षभर येणारा मुलगा जास्त उपयोगी. बरीच माणसं रुळतात. काही परत जातात, आणि ते अपयश मानू नये. त्यासाठीच पहिला महिना तात्पुरत्या प्रवेशाचा असतो.

म्हणून ठिकाण बघायला जाल तेव्हा फरशी, बाग, टीव्हीचा हॉल बघा, पण व्यवस्थापकांना एक प्रश्न आवर्जून विचारा: इथल्या माणसांनी अलीकडे कशाला ‘नाही’ म्हटलं आणि तुम्ही ते मान्य केलं? आमच्याकडे प्रार्थना, ‘आजी’ ही हाक आणि साडेपाचची आंघोळ ही उत्तरं लगेच मिळतील. जिथे समोरचा माणूस आठवत बसेल, किंवा ‘आमच्याकडे कोणाची तक्रारच नसते’ असं अभिमानानं सांगेल, तिथे अनामत रक्कम भरू नका.